हेड गॅस्केट दुसऱ्यांदा का उडतं?

देवगडहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालेली माझ्या मावसभावाची जुनी डिझेल पिकअप फोंडा घाटात तापली. हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, गाडी धावू लागली. महिन्याभरात पुन्हा तेच: रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, पाणी सारखं कमी. "गॅस्केट डुप्लिकेट निघालं," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हे मी अनेक गाड्यांबाबत ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दोष बहुधा दुसरीकडेच असतो.

इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड यांच्यामध्ये हे पातळ गॅस्केट बसतं. जळणारा वायू, कूलंट आणि ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब वातावरणाच्या शंभरपटीवर जातो. सिलिंडरचा व्यास ८९ मिमी धरला तर क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे हेड वर उचलू पाहणारा जोर सुमारे ६ टन. इंजिन २,००० आरपीएमवर असेल तर एकेका सिलिंडरमध्ये हे मिनिटाला १,००० वेळा घडतं.

एवढा जोर गॅस्केट पेलत नाही, तो हेडचे बोल्ट पेलतात. आणि बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग. आवळला की तो ताणला जातो, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, आणि मूळ लांबीला परतण्याच्या धडपडीत हेडला काही टनांनी खाली दाबून धरतो. शाळेत शिकलेला हुकचा नियम तो हाच. हा दाब ज्वलनाच्या जोरापेक्षा जास्त आहे तोवर हेड जागचं हलत नाही.

आता इंजिन तापू द्या. जुन्या पिकअपमध्ये ब्लॉक बिडाचा आणि हेड बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. १०० मिमी उंचीचं अ‍ॅल्युमिनियम १०० अंशांनी तापलं की ०.२३ मिमी वाढतं, तेवढ्याच लांबीचा पोलादी बोल्ट मात्र ०.१२ मिमी. वाढलेलं हेड बोल्टला आणखी ०.१ मिमी ताणतं. मुळात ताण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी होता, हे लक्षात घेतलं की ही वाढ किती मोठी आहे ते कळतं. नेहमीच्या तापमानाला हा हिशेब धरूनच रचना केलेली असते. पण पाणी संपून हेड भलतंच तापलं, तर बोल्टचा दाब इतका चढतो की गॅस्केट चेपतं, तापून नरम झालेलं अ‍ॅल्युमिनियम बोल्टच्या डोक्याखाली दबतं, बोल्ट कायमचा लांबतो. इंजिन थंड झाल्यावर हेड आकसतं, पण चेपलेलं पुन्हा फुगत नाही. पकड आता पूर्वीपेक्षा ढिली. म्हणजे इजा होते अतिदाबाने, आणि मागे उरतो तो अपुरा दाब! मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. अशा बोल्टांखाली उत्तमातलं उत्तम गॅस्केट घातलं तरी ते उडणारच.

म्हणून हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालची फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजायची. ०.१ मिमीच्या आसपास फट निघाली तरी बहुतेक हेडना फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणं, लागतं. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचे. इथेही एक फसवी गोष्ट आहे. टॉर्क रेंचवर (बोल्ट फिरवायला लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, दाखवणारा पाना) दिसणाऱ्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग आट्यांतल्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. आटे गंजलेले असतील तर रेंच बरोबर आकडा दाखवतो, बोल्ट मात्र पुरेसा ताणलेलाच नसतो. त्यामुळे अनेक इंजिनांत आधी थोड्या टॉर्कला आवळून मग ठरावीक कोनातून फिरवायला सांगतात. आट्यांचं अंतर १.५ मिमी असेल तर पाव फेऱ्यात बोल्ट ०.३७५ मिमी पुढे सरकतो, घर्षण कितीही असो. असे बोल्ट बऱ्याचदा लवचिकतेच्या मर्यादेपर्यंत किंवा किंचित पलीकडे ताणले जातात, आणि तसे असतील तर पुन्हा वापरायचे नसतात.

हेड न उतरवता दुरुस्ती करणाऱ्या बाटल्या मिळतात, त्यांपासून सावध राहा. अशा काही सीलरमध्ये सोडियम सिलिकेट असतं, जे तापल्यावर काचेसारखं घट्ट होतं. २००९ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना आली, तेव्हा इंजिनं कायमची निकामी करायला ऑइलऐवजी याच रसायनाचं द्रावण घालून ती चालवत. रेडिएटरमध्ये हळद टाकल्याने बारीक गळती काही काळ थांबते, पण त्याच्या अरुंद नळ्याही तीच हळद बुजवते. दर शनिवारी लिंबू-मिरची बदलायला लोक वेळ काढतात. तेवढ्या वेळात थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहून होते, आणि घाटात उपयोगी पडते ती हीच तपासणी.

मावसभावाचं हेड दुसऱ्यांदा उतरवलं तेव्हा मी तिथे होतो. पट्टीखाली ०.२५ मिमीचं पातं सहज सरकलं. पहिल्या वेळी ना फेसिंग झालं होतं, ना बोल्ट बदलले होते. मिस्त्रींनी जुना आणि नवा बोल्ट काचेवर शेजारी शेजारी उभे केले. जुना नखभर उंच होता.