चिप नाहीये, गाडी थांबवा: 2021 च्या टंचाईच्या मागची गोष्ट

2021 ला गाडी बुक करून महिनोन्महिने वेटिंगवर बसलेल्यांना शोरूममध्ये एकच उत्तर मिळायचं, "सर, वरूनच चिप नाहीये". त्यामुळे अजून बऱ्याच जणांना वाटतं की कोरोनात चिपचे कारखाने बंद पडले आणि म्हणून गाड्या अडकल्या. हे पूर्ण खरं नाही. मुळात ऑर्डरी कोणी कमी केल्या होत्या, ते आधी बघायला हवं.

गाडीत चिप आली ती धुरामुळे. अमेरिकेत 1970 ला हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक झाला, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) आले, आणि त्यांचा पुढचा सुधारित प्रकार नीट चालायचा तर हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ धरून ठेवावं लागतं, जे थंड इंजिनात, घाटात, ट्रॅफिकमध्ये कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून जमत नाही. म्हणून 1976 ला ऑक्सिजन सेन्सर आला, त्याच दशकाच्या शेवटी इंजिनावर मायक्रोप्रोसेसर बसला, 1978 ला इलेक्ट्रॉनिक एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारं) आलं आणि 1986 ला या सगळ्या कंट्रोलरना जोडणारी कॅन पद्धत जगापुढे मांडली गेली.

आपल्याकडे हे खूप उशिरा आलं. 1999 ला कोर्टाने दिल्ली परिसरात धुराच्या युरो नियमांचा धरलेला आग्रह आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं, एवढ्यात कार्बोरेटरवाल्या छोट्या गाड्या एमपीएफआय (कंट्रोलरच्या हुकमावर पेट्रोल फवारणाऱ्या) झाल्या. पॉइंट घासून, जेट फुंकून गाडी चालू करून देणारे मेकॅनिक तेव्हा खरोखर अडचणीत आले, कारण आता स्कॅनर लावल्याशिवाय काही कळेना आणि "ईसीएम गेलाय" (म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर गेलाय) म्हटलं की गिऱ्हाईकाच्या पोटात गोळा यायचा. पुढे जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा आवाज, वेगाची सूचना, मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. मग 1 एप्रिल 2020 ला धुराचे बीएस-6 नियम, तेही मधला पाच नंबर गाळून. त्यात बहुतेक नव्या मोटरसायकली आणि स्कूटरसुद्धा कार्बोरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर गेल्या.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. लॉकडाऊन 25 मार्च 2020 चा, बीएस-6 त्याच्यानंतर आठवड्याभरात. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक गाडीमागे लागणाऱ्या चिप ज्या आठवड्यात वाढल्या, नेमक्या त्याच सुमारास जगभरचे गाडीवाले चिपच्या ऑर्डरी कमी करत होते.

हाच तो निर्णय, ज्यावरून अजून वाद होतो. गाडीवाल्यांची बाजू अशी की एप्रिल 2020 ला देशात मोठ्या कंपन्यांची विक्री शून्य होती, कारखान्यांना कुलूप होतं, मग माल मागवून ठेवायचा कुठे आणि कशाच्या जोरावर. त्यात तथ्य आहे. पण ऑर्डर कापताना असं धरलं गेलं की चिप म्हणजे सीट किंवा बंपर आहे, आज नको म्हटलं आणि उद्या हवी म्हटलं तर गाडी भरून येईल. चिप अशी येत नाही. वेफर (सिलिकॉनची चकती, जिच्यावर चिप बनतात) फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) गेल्यापासून पॅक होऊन, टेस्ट होऊन बाहेर पडेपर्यंत काही महिने जातात, आणि गाडीवाल्यांनी सोडलेली जागा लॅपटॉप, फोन आणि राउटरवाल्यांनी लगेच घेतली होती कारण सगळं जग घरून काम करत होतं. वर्षाच्या शेवटी गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परत आली आणि गाडीवाले परत रांगेत गेले ते सगळ्यात मागे. जगातल्या सगळ्यात मोठ्या फाउंड्रीच्या धंद्यात (इथे फाउंड्री म्हणजे कोल्हापूरची ओतकामाची नाही, दुसऱ्याच्या डिझाइनची चिप बनवून देणारा कारखाना) गाड्यांचा वाटा तेव्हा तीन-चार टक्के होता, मग त्यांच्यासाठी कोण थांबणार?

दुसरं म्हणजे "चिप" या शब्दानेच घोळ घातला. लोकांच्या डोळ्यांसमोर फोनमधली महागडी, ताजी चिप येते. गाडीत अडलं होतं ते वेगळंच, 40 नॅनोमीटर, 90 नॅनोमीटर (चिपवरच्या नक्षीचं माप, आकडा मोठा तितकी पद्धत जुनी) किंवा त्याहून जुन्या पद्धतीचे मायक्रोकंट्रोलर, करंट सांभाळणारे पॉवरचे भाग, स्क्रीन चालवणारी डॉलरभराची चिप. या जुन्या पद्धतीत नवा पैसा घालायला कोणी तयार नव्हतं, आणि बाजारातली दुसरी चिप उचलून लावता येत नाही कारण बोनेटखालच्या चिपला उणे 40 पासून 125 अंशांपर्यंत टिकायचं असतं आणि ती पास करून घ्यायलाच बराच काळ जातो. शिवाय गाडी कंपनी चिप थेट घेतच नव्हती, ती चिप बसवलेला तयार कंट्रोलर घ्यायची, त्यामुळे आपल्या गाडीतली कुठली चिप कुठल्या फॅबमधून येते हे कितीतरी कंपन्यांना तेव्हा शोधून काढावं लागलं. मी त्या काळात चाकणच्या बाजूला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत होतो. आमचा माल तयार, वायरिंगचं हार्नेस तयार, सीट तयार, आणि एका कंट्रोलरपायी लाईन बंद, शेड्यूल कापलं. सगळ्यात आधी घरी गेली ती कंत्राटी पोरं, आणि या गोष्टीत त्यांची नोंद कुठेच नसते.

बाकी संकटं त्यावर आली: फेब्रुवारी 2021 ला टेक्सासच्या थंडीत फॅब बंद, मार्चमध्ये जपानमध्ये फॅबला आग, मग मलेशियातल्या लॉकडाऊनने पॅकिंग-टेस्टिंग अडलं. सप्टेंबर 2021 ला आपल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीचं उत्पादन नेहमीच्या साधारण 40 टक्क्यांवर आलं. 2011 च्या भूकंपानंतर चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला शिकलेली एक जपानी कंपनी बराच काळ तग धरून होती, पण त्याच सप्टेंबरात तिनेही उत्पादन कापलं, आणि ऑक्टोबर 2022 ला तिने जपानी गिऱ्हाईकांना दोन स्मार्ट चाव्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी चावी दिली. चिपवाल्यांनी मात्र धडा घेतला, पुढे कित्येक ठिकाणी रद्द न करता येणाऱ्याच ऑर्डरी मागितल्या गेल्या.

डिसेंबर 2021 ला केंद्राने 76,000 कोटींची सेमीकंडक्टर योजना आणली. सप्टेंबर 2022 ला तळेगावला येईल असं वाटणारा चिपचा प्रकल्प गुजरातला गेला आणि महाराष्ट्रात किती रान उठलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण 2023 च्या जुलैत त्यातला परदेशी भागीदारच बाहेर पडला. फेब्रुवारी 2024 ला मंजूर झालेला धोलेराचा फॅब 28 ते 110 नॅनोमीटरचा आहे, म्हणजे गाड्यांना लागतो तोच पट्टा.

ऑक्टोबर 2025 ला परत तेच. नेदरलँड्सच्या सरकारने सप्टेंबरच्या शेवटी चिनी मालकीच्या एका चिप कंपनीचा ताबा घेतला, चीनने तिच्या चीनमधल्या कारखान्यातून निर्यात अडवली. वेफर युरोपात बनायचे पण बहुतेक पॅकिंग चीनमध्ये व्हायचं. अडलेला माल डायोड, ट्रान्झिस्टर असा किरकोळ किमतीचा होता. महिना संपायच्या आत मेक्सिकोतला एक कार कारखाना थांबला.