लादी बसण्याआधी आम्हाला बोलवा

चावी हातात आली की नारळ फोडायची घाई. ‘घर तपासून द्या’ असे फोन आम्हाला नेमके त्याच आठवड्यात येतात. आम्ही येतो, पण तोवर बघण्यासारखं बरंचसं भिंतीत आणि लादीखाली गेलेलं असतं.

बाथरूमचंच घ्या. वॉटरप्रूफिंग झालं की आम्ही नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी जायच्या भोकात) कापडाचा बोळा कोंबतो, पाणी भरतो, पातळीवर पेन्सिलीने रेघ मारतो आणि 48 तास कुणाला हात लावू देत नाही. मग रेघ बघतो, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत. मुलुंडच्या एका रीडेव्हलपमेंटमध्ये पाणी बोटभर उतरलं होतं. ‘आटलं असेल’, सुपरवायझर म्हणाला. खाली छताला ताटाएवढा ओला डाग! कोबा उकरून पुन्हा करायला चार दिवस गेले. लादी लागल्यावर हे निघालं असतं तर खालच्या शेजाऱ्यांशी वाकडं आलं असतं ते वेगळंच.

सोसायटीचं रीडेव्हलपमेंट असेल तर स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी बोलवा. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक (सळई वर उचलून धरणारे ठोकळे) आहेत का, ते तेव्हाच दिसतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलं की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. क्यूबचे (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे) 7 आणि 28 दिवसांचे रिपोर्टही आम्ही मागून घेतो. पीएमसी (सोसायटीचा प्रकल्प सल्लागार) असतोच, आम्ही त्याच्यावर पहारा ठेवायला येत नाही.

बिल्डरकडून फ्लॅट घेताय? साइटवर वाटेल तेव्हा शिरता येत नाही. टप्प्यांचं वेळापत्रक समजून घेण्याचा हक्क रेरा कायदा देतो, पण तपासणीची परवानगी मात्र करारावर सही करण्याआधीच लिहून घ्या. नंतर मागितली तर टोलवाटोलवी होते.

परवानगी नाहीच मिळाली तर ताब्याआधी येऊ: लाद्या ठोकून पोकळ आवाज ऐकू, कार्पेट एरिया मोजू, अर्थिंग तपासू. जमल्यास पावसाळ्यात बोलवा; खिडकीच्या चौकटीतून येणारं पाणी मे महिन्यात कसं दिसणार? बांधकामातले दोष ताब्यापासून 5 वर्षांत दाखवून दिले तर बिल्डरला ते 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावे लागतात. मात्र लेखी कळवा. फोनवरचं ‘बघतो साहेब’ हे उत्तर नव्हे.

पैसे आम्ही फक्त तुमच्याकडून घेतो. दुरुस्तीची कामं करत नाही, कंत्राटदारही सुचवत नाही. फोटो आणि तारखांसह रिपोर्ट तुमच्या हातात देतो.

येण्याआधी एवढंच करा: फ्लोअर प्लॅनची प्रत काढून ठेवा आणि साइटवर पाणी चालू आहे ना, विचारून घ्या. नाहीतर आमची फेरी फुकट जाते.