माहुली नेमकी कुठली?

माझ्या एका हौशी मित्राने साताऱ्याकडच्या जुन्या पत्रांतली गावं संगणकाकरवी नकाशावर लावून घेतली. नकाशा देखणा झाला, पण माहुलीची टाचणी गेली थेट ठाणे जिल्ह्यात, शहापूरकडच्या माहुली किल्ल्यावर! ‘एआयला मजकूर द्या, नकाशा घ्या’ अशा जाहिराती वाचल्या की मला हटकून तीच टाचणी आठवते.

आधी मजकुरातलं गावाचं नाव ओळखावं लागतं. मराठीत तिथेच ठेच लागते. गावांच्या सूचीत ‘सातारा’ असतं, पत्रात ‘साताऱ्यास’. ‘स’ काढला तरी उरतं ‘साताऱ्या’, म्हणजे सामान्यरूप उलटं फिरवायला हवं. पण ‘पुण्यास’चं मूळ ‘पुणे’, ‘शिराळ्यास’चं ‘शिराळा’. तेव्हा दोन्ही रूपं करून सूचीत शोधायची. ‘पालीच्या’ म्हणजे कऱ्हाडजवळचं खंडोबाचं पाल, रायगडातली बल्लाळेश्वराची पाली, की भिंतीवरची पाल? (पाल चुकचुकली की काम अडतं म्हणतात ती अंधश्रद्धाच, पण इथे मात्र पालीपायी काम खरंच अडतं.)

मला आवडतो तो पुढचा भाग. समजा, वाक्य आहे: ‘वाईहून निघोन माहुलीस मुक्काम केला.’ वाईपासून कृष्णा-वेण्णा संगमावरची माहुली सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर, माहुली किल्ला सुमारे १८०. संगणकाने शेजार पाहिला असता तर चुकला नसता. एका परिच्छेदात पाच गावं आणि प्रत्येकाच्या नावाची चार-चार ठिकाणं धरली, तर ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे १०२४ जुळण्या होतात. प्रत्येक जुळणीत गावांच्या दहा जोड्या. त्या दहा अंतरांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती जुळणी निवडायची. मात्र परिच्छेदात दिल्ली आली की बेरीज फुगते आणि दिल्लीजवळची एखादी भलतीच वाडी बाजी मारते. म्हणून फार लांबच्या अंतरांचं वजन कमी करतात. शिवाय काळही पाहावा लागतो. १६३६ आणि शहाजीराजे असा उल्लेख असेल, तर किल्लाच बरोबर.

निवडलेलं ठिकाण अक्षांश-रेखांशात साठवतात. जिओजेसन नावाच्या प्रचलित मांडणीत आधी रेखांश, मग अक्षांश: साताऱ्यासाठी साधारण ७४.०, १७.७. सवयीने उलटं लिहिलंत तर सातारा नॉर्वेच्या उत्तरेला, गारठलेल्या समुद्रात! सोबत पत्रातलं मूळ रूप आणि किती खात्री आहे तेही लिहून ठेवावं, नाहीतर पुढच्याला चूक सापडायची कशी?

मित्राने शेजाराचा नियम लावला आणि टाचणी साताऱ्याजवळ आली. पण तिथे कृष्णेच्या एका काठावर संगम माहुली, दुसऱ्या काठावर क्षेत्र माहुली, आणि पत्रात नुसतं ‘माहुली’. त्याने दोन टाचण्या लावल्या आणि खात्रीच्या रकान्यात लिहिलं: निम्मी-निम्मी.