झोपायला लागणारा वेळ

नोव्हेंबर १९७०, केंब्रिज. लेक ल्यूसीच्या जन्माला थोडेच दिवस झाले होते. रात्री भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग झोपायच्या तयारीला लागले. स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या मोटर न्यूरॉन आजारामुळे अंथरुणापर्यंत पोचणं हेसुद्धा त्यांच्यासाठी सावकाश करायचं काम होतं. घाई करणं शक्यच नव्हतं, म्हणून तेवढा वेळ ते कृष्णविवरांचा विचार करत राहिले. अंग टेकेपर्यंत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती: कृष्णविवराच्या सीमेचं, म्हणजे घटना क्षितिजाचं, क्षेत्रफळ कधीही घटू शकत नाही. त्या आनंदात त्यांना रात्री फारशी झोप लागली नाही.

या निष्कर्षापर्यंत नेणारा विचार इतका देखणा आहे, की तो सावकाश समजून घ्यावा. घटना क्षितिज म्हणजे जणू जागीच अडकलेल्या प्रकाशकिरणांचं कवच. हे किरण बाहेर सुटत नाहीत आणि आतही पडत नाहीत. समजा, ते एकमेकांच्या जवळ सरकू लागले. मग कधीतरी ते एकमेकांना छेदतील आणि आत ओढले जातील. पण आत पडणारा किरण सीमेवरचा असूच शकत नाही! म्हणजे सीमेवरचे किरण एकतर समांतर राहतात, नाहीतर दूर जातात. त्यामुळे क्षेत्रफळ तेवढंच राहतं किंवा वाढतं. दोन कृष्णविवरं एकत्र आली, तर नव्या विवराचं क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरणार नाही.

इथे कागदावर पानंच्या पानं गणित मांडलेलं नाही. एक आकृती आहे, आणि तीही मनात काढलेली. १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी आजाराचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षं दिली होती. आजार अपेक्षेपेक्षा पुष्कळ संथ निघाला, तरी हात हळूहळू गेलेच. लांबलचक समीकरणं लिहिता येईनात, तसे हॉकिंग प्रश्नांना भूमितीचं रूप देऊ लागले. ‘शरीर कैदेत, मन मुक्त’ असं त्यांच्याबद्दल नेहमी लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्यांचं मन त्या शरीराच्या संथ लयीशी जुळवून घेत, तिच्यातूनच वाट काढत काम करत होतं. शिवाय ते एकटे नव्हते. त्यांचा पीएचडीचा प्रबंध टंकलिखित केला तो पत्नी जेन यांनी. पुढे विद्यार्थी होते, आणि नंतर चोवीस तास सोबत असणाऱ्या परिचारिकाही.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक घटना १९६४ सालची आहे. हॉकिंगना खरं तर नामवंत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली संशोधन करायचं होतं. मार्गदर्शक मिळाले डेनिस शियामा. हॉयल यांचे विद्यार्थी होते जयंत नारळीकर. गुरुत्वाकर्षणाचा हॉयल-नारळीकर सिद्धांत लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडला गेला, तेव्हा काठीच्या आधाराने उभं राहून तरुण हॉकिंगनी एक त्रुटी दाखवली: विस्तारणाऱ्या विश्वात त्यातली एक बेरीज अनंत होते. हॉयल यांनी विचारलं, हे कशावरून? उत्तर आलं, मी गणित करून पाहिलंय.

क्षेत्रफळाच्या नियमाने पुढे स्वतः हॉकिंगनाच कोड्यात टाकलं. जेकब बेकेनस्टाइन या तरुण संशोधकाने सुचवलं, की कधीही न घटणारं हे क्षेत्रफळ म्हणजे कृष्णविवराची एंट्रॉपीच, म्हणजे त्यातल्या अव्यवस्थेचं माप. हॉकिंग वैतागले, कारण एंट्रॉपी असेल तर तापमान हवं, आणि तापमान असेल तर विवरातून काहीतरी बाहेर पडायला हवं. पुंजभौतिकी, म्हणजे अणूंहूनही सूक्ष्म जगाचे नियम, लावून पाहिली, तर खरोखरच प्रारण (किरणांच्या रूपातली ऊर्जा) बाहेर पडताना दिसलं. १९७४ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं हे तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, वर अंशाचा सुमारे दीड कोटीवा भाग इतकंच येतं. विश्वात सगळीकडे पसरलेलं प्रारण २.७ अंशांचं, म्हणून एवढा क्षीण झोत आजवर थेट टिपता आलेला नाही.

१९८५ मध्ये जिनिव्हात हॉकिंगना न्यूमोनियाने गाठलं. कृत्रिम श्वसन थांबवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. जेन यांनी ठाम नकार दिला. श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलासुरला आवाजही गेला. काही काळ अक्षरांच्या तक्त्यावर समोरच्याने बोट फिरवायचं आणि हॉकिंगनी भुवई उंचावायची, असं चाललं. मग वॉल्ट वोल्टोझ यांची संगणकप्रणाली आणि डेनिस क्लॅट यांच्या संशोधनातून घडलेला यंत्राचा आवाज मिळाला. मिनिटाला साधारण पंधरा शब्द. पुढे बोटंही थकली, तेव्हा चष्म्यावरचा संवेदक गालाची हालचाल टिपू लागला. चांगले आवाज उपलब्ध झाल्यावरही त्यांनी तोच जुना आवाज ठेवला. तो आता त्यांचा झाला होता.

१४ मार्च २०१८ रोजी, ७६व्या वर्षी ते गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, अतिशय स्पष्ट टिपल्या. मिलनाआधी दोन्ही विवरांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होतं, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. मिलनानंतरच्या एकाच विवराचं भरलं सुमारे ४,००,०००.