एकदा पेटलेली पेशी दुसऱ्यांदा गप्प का बसते?

प्रतिकारशक्तीची स्मृती म्हटलं की बी आणि टी पेशींचं नाव निघतं. गोवर सहसा दुसऱ्यांदा होत नाही, याचं श्रेय त्यांचंच. मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी मात्र वर्षानुवर्षं विसराळू मानल्या गेल्या. १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचला आणि काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला पाहिला. तेव्हापासून या पेशींची ख्याती एकच: जंतू दिसला की गिळायचा आणि धोक्याची वर्दी द्यायची. मागचं काही त्यांच्या लक्षात राहत असेल, असं फारसं कुणाला वाटलं नाही.

हा समज चुकीचा होता. याचा मला सर्वांत देखणा वाटणारा पुरावा २००७ चा आहे. रुस्लान मेद्झितोव्ह यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मॅक्रोफेजना जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस हे विष दिलं गेलं. शेकडो जनुकं जागी झाली. मग तेच विष पुन्हा दिलं. पेशी दमली असती, तर सगळीच जनुकं मंदावली असती. तसं झालं नाही. आयएल-६ सारखी दाह, म्हणजे संसर्गाविरुद्धची सूज आणि जळजळ, भडकवणारी जनुकं गप्प राहिली. जंतूंना थेट मारणारे पदार्थ बनवणारी जनुकं मात्र पहिल्याइतकीच, काही तर जास्तच जोमाने चालली. पेशीने जनुकागणिक वेगळा निर्णय घेतला होता. आणि तो शहाणपणाचा आहे, कारण अतिरेकी दाहाने आपलंच शरीर होरपळतं.

हा निर्णय टिकतो कुठे? डीएनएच्या अक्षरांत नाही, ती जशीच्या तशी राहतात. प्रत्येक पेशीतला सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या शेपट्यांवर विकरं छोट्या रासायनिक खुणा लावतात आणि पुसतात. अॅसिटिल गट बसला की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतं. मिथिल गटाचा अर्थ जागेवर ठरतो: एच३ हिस्टोनच्या साखळीत चौथ्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथिल गट असले तर जनुक सहसा चालू, सत्ताविसाव्या जागेवरच्या लायसिनवर असले तर बंद. २००७ च्या प्रयोगात गप्प राहिलेल्या जनुकांवर या 'चालू'च्या खुणा दुसऱ्या खेपेला उमटल्याच नव्हत्या.

स्मृती उलट दिशेनेही काम करते. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या मिहाई नेटेआ यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी लस दिली. लस क्षयाची, पण तीन महिन्यांनंतरही त्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट, म्हणजे ज्यांच्यापासून मॅक्रोफेज तयार होऊ शकतात त्या पेशी, क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंनाही जास्त जोरदार उत्तर देत होत्या. हिस्टोनवरच्या 'चालू'च्या खुणाही वाढलेल्या होत्या. इथे एक कोडं पडतं. मोनोसाइट रक्तात काही दिवसच जगते, मग तिची आठवण तीन महिने कशी टिकली? २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत उत्तर सापडलं: बीसीजी अस्थिमज्जेपर्यंत पोचून रक्तपेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशींनाच बदलते. शिकवण आईपेशीला मिळते, आणि जन्माला येणाऱ्या पेशी ती घेऊनच येतात.

खुणा लावायचा कच्चा माल पेशीच्या चयापचयातून येतो. अॅसिटिल गट इंधन जाळताना बनणाऱ्या अॅसिटिल-कोएन्झाइम-ए या रेणूमधून मिळतो. त्याच चयापचयात बनणारं फ्युमरेट साठलं, तर ते मिथिल खुणा पुसणाऱ्या काही विकरांना अडवतं. म्हणजे पेशी कोणतं इंधन कसं जाळते, याचा तिच्या स्मृतीशी थेट संबंध आहे.

ही तयारी नेहमीच हिताची नसते. २०१८ मध्येच, धमनीकाठिण्याकडे कल असलेल्या उंदरांना चार आठवडे स्निग्ध, गोड आहार दिला गेला. नेहमीच्या आहारावर परत आल्यावर रक्तातली दाहाची लक्षणं ओसरली, तरी मोनोसाइट बनवणाऱ्या पूर्वज पेशी भडकू पाहणाऱ्याच राहिल्या. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम उत्तरामुळे अवयवच निकामी होऊ लागतात त्या अवस्थेत, उलटा धोका असतो. तिथे मॅक्रोफेज इतके गप्प होऊ शकतात की वाचलेला रुग्ण दुसऱ्याच संसर्गाला बळी पडतो. २०१६ मध्ये मानवी पेशींवर प्रयोगशाळेत असं दिसलं, की बुरशीच्या भित्तिकेतलं बीटा-ग्लुकन हा गप्पपणा बऱ्याच अंशी मोडू शकतं.

औषधाने हिस्टोनवरच्या या खुणा हाताळता येतील का? २०१० मध्ये आय-बेट या रेणूने अॅसिटिल खुणा वाचणाऱ्या प्रथिनांना अडवून उंदरांना एलपीएसच्या जीवघेण्या धक्क्यातून वाचवलं होतं. अडचण अशी, की ही प्रथिनं सगळ्याच पेशींत असतात. कर्करोगासाठी याच जातीची औषधं रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट घटू लागल्या. परिणाम फक्त मॅक्रोफेजवर होईल असं औषध पोचवणं, हाच या संशोधनातला सध्याचा सर्वांत अवघड भाग आहे.