दस्तऐवजांना दोन आंतरराष्ट्रीय मानके कशी मिळाली

वर्डमध्ये केलेली फाइल लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये उघडली की कधी तक्ता सरकतो, कधी मजकूर पुढच्या पानावर जातो. मग फाइल जतन करताना वर्डचे 'डॉक्स' घ्यायचे की लिब्रेऑफिसचे 'ओडीटी', असा प्रश्न पडतो. त्यामागे एक मोठा वाद आहे, आणि त्यात भारताने ठाम बाजू घेतली होती.

नव्वदच्या दशकात वर्डची 'डॉक' फाइल सगळीकडे रुळली. तिची आतली रचना मात्र मायक्रोसॉफ्टच्या हाती होती. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये स्टारऑफिस हा ऑफिस प्रोग्राम बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस आले. त्याच्या एक्सएमएल (साध्या मजकुरात खुणा घालून रचना सांगणाऱ्या) फाइलींच्या पायावर ओएसिस या संस्थेने ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, घडवले; 'ओडीटी' ही त्यातलीच मजकुराची फाइल. २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ते मानक म्हणून स्वीकारले.

त्याआधीच, सप्टेंबर २००५ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कागदपत्रांसाठी ओडीएफ निवडले होते. सरकारी दप्तर पन्नास वर्षांनीही वाचता आले पाहिजे, एका कंपनीच्या मर्जीवर ते राहू नये, हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

२००५ च्याच नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपले नवे एक्सएमएल स्वरूप, म्हणजे 'डॉक्स' ज्यात मोडते ते, एक्मा या मानक संस्थेकडे नेण्याचे जाहीर केले. २००६ अखेर एक्माने ते मंजूर केले. दस्तऐवज होता सहा हजारांहून अधिक पानांचा! 'वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडा' अशा अर्थाची सेटिंग त्यात होती, पण वर्ड ९५ नेमके काय करत असे याचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हते. १९०० हे लीप वर्ष धरण्याची एक्सेलची जुनी चूकही मानकात आली होती. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळावे म्हणून ती मुळात एक्सेलमध्ये ठेवलेली होती. दुसऱ्या कोणी या मानकावरून प्रोग्राम लिहायचा तरी कसा, हा आक्षेप म्हणूनच रास्त होता.

एवढा दस्तऐवज आयएसओकडे जलदगती मार्गाने गेला. सप्टेंबर २००७ च्या मतदानात तो नापास झाला. भारतानेही विरोधात मत दिले. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवसांची बैठक झाली. हजाराहून अधिक दुरुस्त्या समोर होत्या, बहुतेकींवर चर्चेविनाच एकगठ्ठा मतदान झाले. त्यानंतर मानक मंजूर झाले. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांची अपिले ऑगस्टमध्ये फेटाळली गेली.

मंजुरीच्या वेळी मानकाचे दोन प्रकार केले गेले. जुना वारसा सांभाळणारा 'ट्रान्झिशनल' आणि स्वच्छ केलेला 'स्ट्रिक्ट'. ऑफिस २०१३ पासून स्ट्रिक्टमध्ये जतन करता येते, पण तो पर्याय आपण मुद्दाम निवडावा लागतो. नेहमीची डॉक्स फाइल अजून ट्रान्झिशनलच असते.