‘किड ए’ करार मोडायला काढला नव्हता

दारव्ह्याकडच्या आमच्या साउंडवाल्या पोरांत एक गोष्ट कधीची फिरते: रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडनं २००० चा ‘किड ए’ अल्बम रेकॉर्ड कंपनी ईएमआयचा करार मोडायला मुद्दाम बेसूर केला, अन् तो आपटला. भाऊ, दोन्ही खोटं. अल्बम ब्रिटन आणि अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. विक्रीला सिंगल (सुटं काढलेलं गाणं) एकही नव्हतं, नेहमीसारखे व्हिडिओही नाहीत. अफवेला खतपाणी तिथंच मिळालं असावं. करार मोडायचाच असता, तर २००१ चा ‘अॅम्नेझिअॅक’ आणि २००३ चा ‘हेल टू द थीफ’ त्याच ईएमआयकडे कशाला दिले असते? करार संपल्यावर २००७ चा ‘इन रेनबोज’ त्यांनी स्वतः नेटवर टाकला, किंमत ऐकणाऱ्यानं ठरवायची. बेसूर? गिटार मागे सरली, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) पुढे आला, एवढंच. वरातीत त्यातलं ‘इडिओटेक’ मी लावलंय. नवरदेवाच्या मामानं बंद करायला लावलं, ते वेगळं.